आधी काच, मग कागद

माझ्या रागाबद्दल आमच्या घरात एकमत आहे. मामी म्हणते, इतरांच्या नाकावर राग असतो, या पोरीचं नाकच रागाच्या घरात भाड्याने राहतं. त्यामुळे मी चिडले की घरात कुणी मान वर करूनही बघत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी मामाच्या दुकानात शिरले तेव्हा मी चिडलेली नव्हते. काही महिने दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये शिकून, चांगली खुशीत परत आले होते. हे सांगितलं नाही तर पुढचं सगळं माझ्या स्वभावावर ढकललं जाईल आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतील.

मामा घड्याळं दुरुस्त करतो. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून मला मामा-मामीनेच वाढवलं. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागे एक स्टूल, आणि समोर दोन गिऱ्हाइकं उभी असली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. उजव्या डोळ्यात भिंग बसवायचं, वरून भुवईने आणि खालून गालाने ते आवळून धरायचं आणि चिमट्याने काम करायचं, यात मामाचा उभा जन्म गेला. लहानपणी एकदा त्याने ते भिंग माझ्या डोळ्याला लावून विचारलं होतं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, काळोख. "मग डोळा उघड," मामा म्हणाला. घरात ही गोष्ट अजून सांगतात, विशेषतः माझ्याकडे पाहुणे आले की.

त्या दिवशी मामाने भिंग डाव्या डोळ्यात बसवलं होतं. ते पडलं. त्याने उचललं, पुन्हा बसवलं, ते पुन्हा पडलं आणि पडताना बशीतले स्क्रू उधळून गेलं.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"सवय करतोय डाव्याची. उजवा परवा काढायचाय."

पट्टा बदलायचाय म्हणावं, तशा आवाजात. मला आधी कळलंच नाही. मग स्क्रू वेचता वेचता त्याने सगळं सांगितलं. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात, वरच्या पापणीखाली, एक मऊ पिवळी गाठ दिसायला लागली होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती. मामीने पाठ धरली म्हणून तो डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेला. तिथल्या एका नवख्या डॉक्टरने गाठीचा तुकडा कापला, टाके घातले आणि तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, चरबीचा कॅन्सर. टाके निघाले, सूज उतरली, आणि थोड्याच दिवसांत गाठ पुन्हा त्याच जागी हजर. मोठे सर्जन म्हणाले, इतक्या लवकर परत आली म्हणजे भलतीच जोरात वाढते आहे. आता डोळा, पापण्या, खोबणीतलं सगळंच काढावं लागेल.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू तिकडून भांडत आली असतीस," मामा म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचा पारदर्शक होईल इतका पातळ काप काचेवर घेतात, रंगवतात, आणि आम्ही तो मायक्रोस्कोपखाली पाहून सांगतो, साधी गाठ की वाईट. त्या हॉस्पिटलचे तुकडे आमच्याच विभागात येतात. म्हणजे माझ्या मामाचा डोळा काढायला सांगणारा रिपोर्ट माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर लिहिला गेला होता.

मी काही बोलणार तेवढ्यात एक बाई बंद पडलेलं घड्याळ घेऊन आल्या. मामाने सवयीने भिंग उजव्या डोळ्यात बसवलं, मागचं झाकण उघडलं, काहीतरी साफ केलं, घड्याळ चालू करून दिलं. बाई गेल्या. त्याने भिंग काढलं आणि मी बघतच राहिले. पापणीच्या कोपऱ्याखाली मक्याच्या दाण्याएवढा पिवळा फुगवटा बाहेर आला होता. मामाने पापणीवर बोट ठेवून हलकेच दाबलं. दाणा आत गेला.

"हे काय केलंस?"

"आत घातली तिला. भिंग आवळलं की बाहेर येते, दाबलं की जाते. पाहुणी आहे."

मी त्याला पुन्हा भिंग लावायला लावलं. पुन्हा काढायला लावलं. मग हात धुऊन मी स्वतः दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच.

डोळ्याच्या मागे चरबीची गादी असते. वय झालं की तिला धरून ठेवणारा पडदा सैल पडतो आणि गादीचा एखादा कोपरा पुढे घसरतो. बाहेरून दाब आला की तो पुढे येतो, आत ढकलला की जातो. तो कापला तरी मागची गादी तिथेच असते, म्हणून तो पुन्हा येतो. कॅन्सर असा पाहुण्यासारखा येत-जात नाही, तो आला की घर बळकावतो आणि डोळ्यालाच पुढे ढकलतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा मात्र खाली वाकून शेवटचा स्क्रू शोधत होता.

आता आमच्या सरांबद्दल सांगायला हवं. सर विभागप्रमुख. मी जे काही शिकले ते त्यांच्याकडून, आणि त्यांचा पहिला धडा असा, की आधी काच, मग कागद. म्हणजे पेशंट कोण, वय किती, तुकडा कुठला, डॉक्टरला काय वाटतं, हे सगळं लिहिलेला कागद उलटा ठेवायचा. आधी काच बघायची, मत ठरवायचं, मगच कागद सुलटा करायचा. नाहीतर डॉक्टरला जे वाटतं तेच आपल्याला दिसायला लागतं. धडा वाईट नाही. त्याने आम्हाला पुष्कळ चुकांपासून वाचवलंय. पण सर हल्ली कागद सुलटा करत ते फक्त नंबर लिहून घ्यायला.

आणि सरांची दुसरी सवय. बोलणं संपलं असं त्यांना वाटलं की ते मायक्रोस्कोपचा दिवा बंद करतात. दिवा गेला की वाद संपला. विभागात कुणी त्यानंतर बोललेलं मी पाहिलेलं नाही.

मी मामाची काच शोधून काढली. चरबीच्या पेशी म्हणजे रिकाम्या खोल्यांची चाळ, एकीला लागून एक. त्यांच्या मधूनमधून मोठ्या काळसर पेशी होत्या. त्यांची केंद्रकं एकापेक्षा जास्त, आणि पाकळ्या मांडाव्यात तशी गोल बसलेली. फुलंच. काही केंद्रकांना मधोमध भोकं. हीच काच मांडीतल्या खोल गाठीची म्हणून समोर आली असती तर मीही कॅन्सरच म्हटलं असतं. पण डोळ्यामागच्या म्हाताऱ्या चरबीत अशी फुलं असतातच. ती तिथली जुनी रहिवासी, कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. काचेवर ती साव की चोर हे कळत नाही, त्याला घराचा पत्ता विचारावा लागतो. पत्ता कागदावर होता आणि कागद उलटा होता.

"सर, ही काच माझ्या मामाची आहे," मी म्हटलं.

"मग ती तू बघायलाच नको होतीस. घरच्या माणसाची काच आपण वाचत नाही."

"मी रिपोर्ट देत नाहीये. ही डोळ्यामागची चरबी पुढे सरकलीय. गाठ दाबली की आत जाते. मी हाताने बघितलंय."

"मी काच बघितली आहे."

"परवा त्याचा डोळा काढणार आहेत, सर. जनुकाची चाचणी तरी करू. खरा कॅन्सर असेल तर त्या एका जनुकाच्या प्रती वाढलेल्या सापडतील. नसेल तर नाही. तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा बाहेर पाठवायचा, थोडं थांबायचं."

"आणि थांबलो तेवढ्यात तो मागे मेंदूकडे सरकला तर? तुझं मन जागेवर नाही. घरी जा." आणि दिवा बंद.

मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. सर्जन भले गृहस्थ, हसतमुख. "रिपोर्ट तुमच्याच विभागाचा," ते म्हणाले. "तुमच्याच सरांची सही. मी काय पॅथॉलॉजिस्ट आहे?" मी विचारलं, गाठ दाबून पाहिलीत? म्हणाले, आधी टाके होते, सूज होती, आणि रिपोर्ट आल्यावर कॅन्सर कशाला दाबायचा? मी म्हटलं, स्कॅन? त्यांनी स्कॅनचा रिपोर्ट दाखवला. त्यात लिहिलं होतं, चरबीची गाठ, बायोप्सीच्या निदानाशी जुळवून पाहावे.

म्हणजे स्कॅनवाल्याने बायोप्सीच्या खांद्यावर मान टाकली, सर्जनने दोघांच्या, आणि सर काचेच्या खांद्यावर मान टाकून स्वस्थ. तिघेही हुशार, तिघेही सज्जन, आणि एकाचंही बोट मामाच्या पापणीला लागलेलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं मी ऐकलं होतं. इथे भुई माझ्या मामाची होती. मी तिथे फार वाईट बोलले. सर्जन हसायचे थांबले आणि म्हणाले, तुमच्या सरांनी रिपोर्ट बदलला तर मी ऑपरेशन थांबवतो, तुमच्या रागावर नाही.

संध्याकाळी घरी मामीने माझी हजेरी घेतली. तिला हॉस्पिटलातून फोन आला होता.

"मोठ्या डॉक्टरांपुढे तोंड चालवून आलीस म्हणे."

"मामी, त्याला कॅन्सर नाहीये."

"तू म्हणतेस. ते सगळे डॉक्टर म्हणतात आहे. उद्या काही झालं तर तू भरून देणार आहेस माणूस? गप्प बस जरा. सगळीकडे बोललंच पाहिजे का?"

ती भाजी निवडत होती आणि निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकत होती, म्हणून मी उलट बोलले नाही. मामा टेबलापलीकडे बसून चहा पीत होता. त्याने डावा डोळा मिटला आणि उजव्याने मामीकडे एकटक बघितलं. बराच वेळ.

"बघ बघ," मामी मला म्हणाली, "हे असं महिनाभर चाललंय. या वयात डोळा मारतात. लाज नाही लज्जा नाही." आणि हसली. मामाही हसला. मी एकटीच फुगून बसले होते, कारण मला त्या दोघांचाही राग आला होता. माणसाने इतकं गरीब असू नये असं मला वाटत होतं. डोळा द्या म्हटलं की काढून देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला भिंगासकट विभागात नेलं. आमच्याकडे पेशंट येत नाहीत. आमच्याकडे त्यांचे तुकडे येतात, बाटल्यांमधून. सरांच्या टेबलावर दोन माणसांनी समोरासमोर बसून एकच काच बघायचा मायक्रोस्कोप आहे. त्याच्या पलीकडच्या खुर्चीवर मी मामाला बसवलं. सर आत आले आणि दारातच थबकले.

"हे काय आहे?"

"कागद," मी म्हटलं. "सुलटा करून आणलाय."

"इथे पेशंट आणत नाहीत."

"सर, तुम्ही याचा डोळा काढायला सांगितलाय आणि याचं तोंड तुम्ही पाहिलेलं नाही. आता पाहा. मग वाटल्यास मला काढून टाका, मी सही करून देते."

माझा आवाज बाहेर टंकलेखकापर्यंत गेला असावा, कारण तिथली खडखड थांबली. मामा उठून उभा राहिला आणि सरांना नमस्कार करून म्हणाला, "हिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका साहेब, लहानपणापासून अशीच आहे." मला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

सर बसले. मामाने भिंग लावलं, आवळलं, काढलं. दाणा बाहेर. हातच्या कांकणाला आरसा कशाला. सरांनी आधी हात मांडीवर पुसले, मग अंगठा पुढे केला, मागे घेतला. जिवंत माणसाला हात लावून त्यांना किती वर्षं झाली असतील कोण जाणे. शेवटी त्यांनी मामाच्या पापणीवर अंगठा ठेवला आणि दाबलं. दाणा आत गेला. सरांनी अंगठा काढला, पुन्हा ठेवला.

"खाली बघा," ते मामाला म्हणाले. "नाकाकडे. हां." मग ते थोडे सरकले आणि त्यांनी डाव्या डोळ्याची पापणी वर उचलली. ही गोष्ट मलाही सुचली नव्हती. "पुन्हा खाली, नाकाकडे."

डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातही, पापणीखाली दडलेला, तसाच एक पिवळा दाणा होता. लहानसा. वयाने दोन्ही पडदे सैल झाले होते. भिंगाने उजव्याचा जरा जास्त.

मग मीच बोलले. "म्हणजे उद्या उजवा काढला असता आणि वर्षभराने याच रिपोर्टवर डावा. नाही का?"

सरांनी मामाची डावी पापणी हलकेच सोडली. मग म्हणाले, एका तरुण मुलीच्या डोळ्यामागची चरबीची गाठ त्यांनी एकदा साधी म्हणून सोडली होती. ती परत आली, पुन्हा परत आली, आणि मग ती मुलगी राहिली नाही. "तेव्हापासून चरबीत काळी पेशी दिसली की मी सोडत नाही." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला मान्य आहे. पण ताक माझ्या मामाचं होतं. मला सरांची दया आली नाही. आज येते, थोडी.

त्यांनी सर्जनला फोन केला, ऑपरेशन थांबवा. ठोकळा जनुकाच्या चाचणीला गेला. पुन्हा वाट बघणं आलं, आणि मामी त्या सगळ्या काळात माझ्याशी धड बोलली नाही. तिचं म्हणणं, मी नुसती लांबणीवर टाकलेली फाशी घरी आणली होती. मामा दुकानात डाव्या डोळ्याची सवय करतच होता. आणि टेबलाशी बसला की डावा मिटून मामीकडे बघत होता, आणि मामी म्हणत होती, पुरे झाला चावटपणा.

चाचणीचं उत्तर आलं. जनुकाच्या प्रती वाढलेल्या नाहीत. कॅन्सर नाही, कधी नव्हताच. सरांनी मामा, मामी आणि मला, तिघांनाही बोलावून घेतलं, हे मात्र त्यांनी आपण होऊन केलं. नवीन रिपोर्ट त्यांनी स्वतः वाचून दाखवला. मग चष्मा काढून म्हणाले, "आता काळजीचं काही कारण नाही. खुपायला लागलं तर तेवढी चरबी काढता येईल, डोळ्याला काही होणार नाही. झालं गेलं विसरून जा." मामा म्हणाला, उपकार झाले साहेब. मी तोंड उघडणार होते, पण मामीकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती.

"एक विचारू?" ती सरांना म्हणाली. "हे इतके दिवस एक डोळा मिटून माझ्याकडे बघत होते. रोज. जाणार होता ना, त्या डोळ्याने. पोटभर बघून घेत होते. त्याचं काय करायचं?"

मामाने मान खाली घातली.

"मी म्हणायचे, डोळा मारता का या वयात. हसायचे. मला काय कळत नव्हतं? हसून उठायचे आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहायचे. ते विसरायचं कसं, तेवढं सांगा."

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "समजू शकतो," असं काहीतरी ते पुटपुटले. मग, बहुधा नकळतच, त्यांचा हात मायक्रोस्कोपच्या दिव्याच्या बटणाकडे गेला.

मामीने पुढे वाकून त्यांच्या मनगटावर हात ठेवला. दाबून नाही, नुसताच.

"दिवा राहू द्या," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू का गप्प? एरवी तोंड थांबत नाही तुझं. बोल आता."

मी बोलायला लागले, आणि सरांनी शेवटपर्यंत ऐकलं.